आधी कॅबिनेट, मग बाकी सगळं: डिझाइनच्या कामासाठी उचलून नेण्याजोगा पीसी

नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस बडोद्यातला डिझायनर घरी फक्त आंघोळीला येतो. गरब्याचे पास, गेट, स्टेजमागचा पडदा, प्रायोजकांच्या पट्ट्या. त्यात प्रायोजकाला आपला लोगो बदललाय हे आठवतं ते फ्लेक्स मशीनवर चढल्यावर. अशाच एका रात्री साडेअकराला मी मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका प्रेसवर बसलो होतो. फाइल माझी, कॉम्प्युटर त्यांचा. माझा गुजराती फॉन्ट त्यावर नव्हता आणि मराठीचा फॉन्ट होता तो भलत्याच आवृत्तीचा, त्यामुळे जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून नेली होती, पण बदलच मजकुरात होता. स्कूटर काढली, दांडिया बाजारात घरी आलो, दोन शब्द बदलले, परत मकरपुरा. तिथं कळलं की तारीखही बदलायची आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी पहिला छोटा पीसी जुळवला. आता भाची फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्टच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि तिचा मेसेज आला: “मामा, तुझ्यासारखा कॉम्प्युटर करायचाय, पार्ट्सची लिस्ट पाठव ना.” लिस्ट सहा महिन्यांत शिळी होते. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की आज लिहिलेला आकडा पुढच्या महिन्यात हसण्यावारी जाईल. म्हणून लिस्टऐवजी ठरवायचं कसं ते लिहितो. किमती ज्यानं त्यानं त्या दिवशी विचाराव्यात.

लॅपटॉप का नाही?

हा प्रश्न आधी निकालात काढू, कारण निम्म्या लोकांचं खरं उत्तर लॅपटॉप हेच आहे. रेल्वेत, कँटीनमध्ये, कट्ट्यावर, जिथं प्लग नाही तिथं काम करायचं असेल तर लॅपटॉप घ्या आणि हा लेख इथंच मिटा. छोट्या पीसीला बॅटरी नसते. तो जिथं ठेवाल तिथं वीज, टेबल आणि मॉनिटरचा पडदा लागतो.

पण स्वतःच्या आठवड्याकडे नीट बघा. माझं काम तीन ठिकाणी चालतं: घर, प्रेस आणि गिऱ्हाइकाचं ऑफिस. घरी माझा चांगला मॉनिटर आहे. प्रेसवर त्यांचा मॉनिटर आहे. ऑफिसात भिंतीवर टीव्ही असतो, त्याला एचडीएमआय असतं. म्हणजे पडदे सगळीकडे आधीच हजर आहेत आणि मला न्यायचा आहे तो फक्त डबा. असं असेल तर छोटा पीसी फार सोयीचा पडतो. पैशाच्या मानानं वेग जास्त, दुरुस्ती आपल्या हातात, रॅम वाढवता येते, आणि तीन वर्षांनी नुसतं ग्राफिक कार्ड (चित्राचं काम सांभाळणारा भाग) बदललं की नवा.

मॅक मिनीचं काय, असंही कुणी विचारेल. यंत्र उत्तम, तळहाताएवढं. पण त्याची रॅम नंतर वाढत नाही, आणि आपल्याकडच्या प्रेसचा सगळा संसार विंडोजवरच्या कोरलड्रॉमध्ये, म्हणजे ‘कोरल’मध्ये, आणि जुन्या फॉन्टांत थाटलेला आहे. फक्त फोटोशॉप-इलस्ट्रेटरवर काम असेल तर मॅकचा विचार जरूर करा. माझं तसं नाही.

आकार लिटरमध्ये मोजतात

मोठा पीसी जुळवताना माणूस आधी प्रोसेसर ठरवतो आणि कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, शेवटी, उरलेल्या पैशात, घेतो. इथं नेमकं उलटं करायचं. कॅबिनेट आधी ठरतं, आणि ग्राफिक कार्ड किती लांब, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर किती उंच, वीज पुरवणारा एसएमपीएस कुठला हे ते कॅबिनेट सांगतं.

या जगात कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये सांगतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणा, हजारानं भागा. अंदाज यावा म्हणून: सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) १५ किलोचा डबा साधारण साडेसोळा लिटरचा असतो. टेबलाखालचा नेहमीचा टॉवर ४० लिटरच्या पुढे जातो. कूलर मास्टरचं एनआर२०० हे नवशिक्यांचं आवडतं कॅबिनेट १८.२५ लिटरचं, म्हणजे तेलाच्या डब्याहून जरासं मोठं. फ्रॅक्टलचं टेरा १०.४ लिटरचं.

पहिल्यांदाच जुळवत असाल तर माझं मत १५ ते १८ लिटरच्या बाजूचं आहे. त्यात हात जातो. दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये एक स्क्रू पडला तर तो काढायला अर्धा पीसी उसवावा लागतो. रोज स्कूटरवरून न्यायचा असेल तरच दहा लिटरकडे जा. मी गेलो, कारण माझ्या स्कूटरच्या पायाशी असलेल्या जागेत तेवढाच मावतो.

कॅबिनेटच्या आतली मांडणी दोन प्रकारची असते. एका प्रकारात कार्ड नेहमीसारखं थेट मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीच्या, खाचेत बसतं. दुसऱ्यात मदरबोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे राहतात, मध्ये धातूची भिंत. त्याला सँडविच म्हणतात. तिथं कार्ड मदरबोर्डला चपट्या रायझर केबलनं जोडावं लागतं. सँडविचमुळे कॅबिनेट पातळ होतं आणि नेताना कार्डाचं वजन खाचेवर लटकत नाही. पण रायझर केबल ही वेगळी डोकेदुखी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

काच असलेलं कॅबिनेट घेऊ नका. दुकानात ते छान दिसतं, पण खड्ड्यातून जाणाऱ्या स्कूटरवर छान राहत नाही. जाळी असलेल्या बाजू घ्या आणि जाळीमागे धुळीचा फिल्टर आहे का ते बघा.

कागदावर मोजमाप

माझी पहिली चूक तीन मिलीमीटरची होती. दुकानदाराला विचारलं, हा कूलर या कॅबिनेटमध्ये बसेल ना? तो चहा ओतता ओतता म्हणाला, “बधु फिट थई जशे, चिंता ना करो.” (सगळं बसेल, काळजी नको.) मी चिंता केली नाही. घरी सगळं जोडून झालं, बाजूचं पॅनेल लावायला घेतलं, आणि ते कूलरच्या पंख्यावर टेकून राहिलं. बसायला हवं त्याच्या तीन मिलीमीटर अलीकडे. दाबलं तर पंखा कुरकुरायचा. आठवडाभर मी तो पीसी पॅनेलऐवजी रबरबँड लावून वापरला. खोका फोडलेला असल्यामुळे कूलर कुणी परत घेईना.

म्हणून वही काढा आणि खरेदीच्या आधी पाच आकडे लिहा. कॅबिनेटच्या कंपनीच्या पानावर हे सगळे दिलेले असतात: कूलरची जास्तीत जास्त उंची, कार्डाची लांबी, कार्डाची जाडी, कार्डाची रुंदी आणि एसएमपीएसचा प्रकार. प्रत्येकासमोर तुम्ही निवडलेल्या वस्तूचा आकडा लिहा. दोन्हींत पाच मिलीमीटरचंही अंतर नसेल तर वस्तू बदला, कारण वायरींनाही जागा लागते. कार्डाच्या रुंदीकडे सगळे दुर्लक्ष करतात. पॉवरची वायर कार्डाच्या कडेतून वर येऊन वळते, आणि ते वळण पॅनेलला घासतं.

काही आकडे ठरलेले असतात ते पाठ करून टाका. मदरबोर्ड मिनी आयटीएक्सचा हवा. तो १७० बाय १७० मिलीमीटरचा चौकोन असतो, रॅमच्या बहुधा दोनच खाचा आणि कार्डाची एकच. एसएमपीएस एसएफएक्स प्रकारचा: १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलीमीटर. त्याचाच एसएफएक्स-एल हा मोठा भाऊ ३० मिलीमीटरनं लांब असतो, आणि दुकानात दोघांना सर्रास एकाच नावानं हाक मारतात. बिल करण्याआधी खोक्यावरचं माप वाचा.

भाचीला मी पुठ्ठ्याचं मॉडेल करायला लावलं. तिनं बुटांचा खोका कापून कॅबिनेट केलं आणि थर्माकोलचा मदरबोर्ड, कार्ड, एसएमपीएस. अप्लाइडवाली आहे, तिला हे काम वाटलंच नाही. पण ग्राफिक कार्ड ठेवल्यावर वायर फिरवायला कुठं जागा उरत नाही, ते तिला दुकानात जाण्याआधी दिसलं. माझ्यापेक्षा ती तिथंच पुढे निघाली.

किती ताकद लागते? फाइलला विचारा

गेमवाल्यांचे व्हिडिओ बघून कॉम्प्युटर घेऊ नका. त्यांचं सगळं लक्ष कार्डावर असतं. आपलं दुखणं बहुतेक वेळा रॅमचं असतं, आणि ते हिशेबानं कळतं.

एथ्री आकाराचं पोस्टर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) घ्या: ३५०८ बाय ४९६१, म्हणजे १ कोटी ७४ लाख पिक्सेल. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. पूर्ण भरलेला एक लेअर झाला सुमारे ७० एमबीचा. वीस लेअर धरले तरी दीड जीबीच्या आत. हे कुठल्याही पीसीवर चालेल.

आता गरब्याचं गेट घ्या. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स, पूर्ण मापात ७२ डीपीआय: ८६४० बाय १७२८०. पिक्सेल झाले १४ कोटी ९३ लाख, आणि एक भरलेला लेअर जवळजवळ ६०० एमबीचा. दहा लेअर झाले की ६ जीबी, त्यावर अनडूचा इतिहास, शेजारी कोरल उघडं, ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकाचे पंधरा टॅब. १६ जीबी रॅम इथं धापा टाकते. ही फाइल २ जीबीच्या पुढे गेली की फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडीमध्ये सेव्हही होत नाही, मोठ्या फाइलांसाठीची पीएसबी करावी लागते. नवीन मुलं रात्री दोनला हे शिकतात.

म्हणून ३२ जीबी रॅम घ्या, १६-१६ च्या दोन पट्ट्या. खाचा दोनच असल्यामुळे ‘आत्ता एक, मग एक’ हे गणित फसतं. नंतर दुसरी पट्टी जुळेलच याची खात्री नसते. भाव चढलेले असताना बाकी कुठंही काटकसर करा, इथं नको. आणि पट्टी साधी, बुटकी घ्या. रंगीत दिव्यांच्या उंच पट्ट्या बुटक्या कूलरला अडवतात.

प्रोसेसर: इलस्ट्रेटर आणि कोरल बरंचसं काम एका कोअरवर करतात, त्यामुळे सोळा कोअर घेऊन उपयोग नाही. ६५ वॉटच्या गटातला सहा किंवा आठ कोअरचा घ्या. मी रायझन ५ ७६०० वापरतो. सहा कोअर, आणि आत छोटं ग्राफिक आहे. ते आतलं ग्राफिक महत्त्वाचं. इंटेलच्या नावामागे एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं, रायझन ७५००एफमध्येही नसतं, म्हणून थोडे स्वस्त मिळतात. छोट्या पीसीत एफ घेऊ नका. कार्ड किंवा रायझर रुसला की हेच आतलं ग्राफिक तुम्हाला वाचवतं. खोक्यातला कूलर ५४ मिलीमीटर उंच असतो, बऱ्याच कॅबिनेटांत तो बसतोही, फक्त उन्हाळ्यात आवाज करतो.

ग्राफिक कार्ड: टूडी कामाला मध्यम कार्ड पुरतं. ज्याचं काम लोगो, पॅकेजिंग, पुस्तकाची मांडणी एवढंच आहे, त्यानं कार्ड न घेता सुरुवात करावी, नंतर घालता येतं. फोटोंचं काम असेल, कॅमेरा रॉमध्ये एआयनं नॉइज (फोटोतले दाणे) काढायचा असेल, थोडं थ्रीडी असेल, तर कार्ड लागतं. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, ५०६० ला १४५. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती ७० वॉटवर चालते, तिला वेगळी पॉवरची वायर लागत नाही, आणि ती बुटक्या आकारातही मिळते. अगदी लहान डब्याला ती सोयीची. दोन पंख्यांचं आखूड कार्ड शोधा. तीन पंखे आपल्या कामाचे नाहीत.

एसएसडी दोन, दोन्ही एम डॉट टूच्या, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या चपट्या पट्ट्या. एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर चालू कामं आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (रॅम अपुरी पडली की तो वापरतो ती जागा). फिरणारी हार्ड डिस्क या डब्यात नको. जागा खाते आणि हादऱ्यांनी मरते. जुनी कामं घरच्या बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

विजेची बेरीज: प्रोसेसर जोर लावतो तेव्हा ८८ वॉट, कार्ड ११५, बाकी सगळं पन्नासेक. अडीचशे झाले. ५५० ते ६०० वॉटचा एसएमपीएस भरपूर होतो, आणि अर्ध्या भारावर त्याचा पंखा जवळजवळ ऐकू येत नाही. इथं स्वस्तातला बिननावाचा माल घेऊ नका. बाकी काहीही बिघडलं तर तेवढंच बिघडतं, हा बिघडला तर शेजाऱ्यांना घेऊन जातो.

खरेदी

रॅम, एसएसडी, प्रोसेसर सयाजीगंजात, रावपुऱ्यात मिळून जातात. मिनी आयटीएक्सचे बोर्ड आणि एसएफएक्स एसएमपीएस मात्र इथं सहसा मागवावे लागतात. मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणं होणार असेल तर तिथं बघा, नाहीतर ऑनलाइन. सगळं एका दिवसात घ्यायचा हट्ट नको, पण सगळं एका महिन्यात घ्या. सहा महिने पार्ट जमवत बसलात तर पहिल्या पार्टाची बदलून घ्यायची मुदत शेवटचा येण्याआधीच संपते, आणि तो खराब निघाला हे कळतं सगळ्यात शेवटी. बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. “बिल वगर थोडु ओछु करी आपीश” (बिल नको असेल तर थोडं कमी करतो) असं कुणी म्हणालं तर हसून नको म्हणा.

जोडणी

दुपार मोकळी ठेवा. पंखा बंद, कारण छोटे स्क्रू. खाली गालिचा नको. मध्ये मध्ये कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

सगळं आधी कॅबिनेटच्या बाहेर जोडून सुरू करायचं. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. एएम५ सॉकेटच्या (या रायझनच्या बैठकीच्या) पिना बोर्डावर असतात, केसाएवढ्या बारीक, त्यांना बोटच काय, कापडही लावू नका. कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवून प्रोसेसर वरून नुसता ठेवा. दांडी खाली आणताना जोर लागतो, करकर होते, काळं प्लास्टिकचं झाकण उडून पडतं. घाबरू नका, तसंच व्हायचं असतं. ते झाकण फेकू मात्र नका. बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते मागतात. थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मग कूलर, आणि स्क्रू आडव्यातिडव्या क्रमानं थोडे थोडे आवळायचे.

बोर्डाच्या पाठीमागे एम डॉट टूची एक खाच असू शकते. तिथली एसएसडी आत्ताच बसवा. बोर्ड कॅबिनेटमध्ये गेल्यावर ती आठवली तर सगळं परत बाहेर. हे मी अनुभवानं सांगतोय, दोनदा.

रॅम टचकन आवाज येईपर्यंत दाबा, एसएमपीएसच्या दोन मुख्य वायरी लावा, मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडा आणि पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरेल आणि पडदा काळा राहील. इथं नवखा माणूस हमखास सगळं उपटायला लागतो. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा जुळवून घ्यायला बोर्ड कधीकधी कित्येक मिनिटं घेतो. चहा टाका, पिऊन या. चहानंतरही काळाच असेल तर रॅम काढून पुन्हा बसवा.

बायोस (विंडोजच्याही आधीचा बोर्डाचा सेटिंगचा पडदा) दिसला की बंद करा आणि आता कॅबिनेटमध्ये घ्या. क्रम लक्षात ठेवा: प्रोसेसरची आठ पिनांची वायर सगळ्यात आधी, कारण ती वरच्या कोपऱ्यात असते आणि नंतर तिथं बोट पोचत नाही. मग पुढच्या यूएसबीची जाड वायर. हिचं टोक ताठ असतं आणि बोर्डावरच्या तिच्या पिना दुर्बळ. तिरकी घुसवलीत की पिन वाकते. मग बटणाच्या बारीक वायरी, चिमट्यानं. कार्ड अगदी शेवटी. वायरी पट्ट्यांनी बांधा, पण पंख्याजवळची पट्टी कापताना तिचं टोक आत वळवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ते पात्याला लागून टर्र्र वाजत राहतं.

आता ती रायझर केबल. माझ्या पहिल्या सँडविचमध्ये सगळं बरोबर जोडूनही कार्डावरून पडदा काळाच. कार्ड बदलून पाहिलं, मॉनिटर बदलला, एक रविवार गेला. कारण हे होतं: केबल पीसीआयईच्या (बोर्ड आणि कार्ड ज्या मार्गानं बोलतात त्याच्या) तिसऱ्या पिढीची आणि कार्ड चौथ्या. बोर्ड आणि कार्ड चौथ्या पिढीच्या वेगानं बोलायला जात आणि केबल मध्येच गळपटे. उपाय दोन मिनिटांचा. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावून बायोसमध्ये जायचं आणि कार्डाच्या खाचेचा वेग ‘जेन ३’ वर बांधून टाकायचा. आपल्या कामाला त्यानं फरक जाणवत नाही. एफवाला प्रोसेसर असता तर बायोसमध्येच पोचता आलं नसतं. चौथ्या पिढीच्या कार्डाला चौथ्या पिढीचीच केबल आहे ना, हे घेतानाच बघा.

विंडोज, फॉन्ट, कुलूप

बायोसमध्ये रॅमचा एक्स्पो पर्याय चालू करा, नाहीतर पैसे देऊन घेतलेला वेग तसाच पडून राहतो. विंडोजनंतर एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर घाला, गेमवाला नको. फोटोशॉपमध्ये स्क्रॅच डिस्क दुसऱ्या एसएसडीवर न्या.

फॉन्टांसाठी एकच फोल्डर करा: जुने मराठी, जुने गुजराती, युनिकोड, प्रत्येक कामाचे वेगळे. या पीसीचा अर्धा फायदा याच फोल्डरमुळे आहे.

उचलून नेता येणारी वस्तू रिक्षात विसरताही येते. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) लावा आणि त्याची किल्ली कागदावर उतरवून घरी ठेवा. बायोसमध्ये काही बदललंत की तो कधीकधी ती लांबलचक किल्ली मागतो, आणि हे तो हमखास गिऱ्हाइकासमोर करतो.

मे महिना

जानेवारीत जुळवलेला पीसी जानेवारीत उत्तम चालतो. बडोद्यात मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात आणि प्रेसवर मशीनची गरमी वेगळी. खोली दहा अंशांनी तापली की आतले सगळे आकडे साधारण दहानं वर सरकतात. या रायझनची मर्यादा ९५ अंश आहे. तिथं पोचला की तो स्वतःहून मंदावतो, जळत नाही.

बायोसमध्ये प्रोसेसरची वीज ८८ वरून ६५ वॉटवर बांधा. लेअर हलवताना काही कळणार नाही, पंखा मात्र शांत होईल. कार्डाच्या विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणा. मग चाचणी स्वतःच्या कामानं घ्या: सगळ्यात जड पीएसबी उघडा, आणि शेजारी पन्नास फोटोंचा नॉइज काढायला लावा. अर्धा तास एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघत बसा, पॅनेल लावून. प्रोसेसर ८५ च्या आत आणि कार्ड ८० च्या आसपास राहिलं तर मे निभावेल. उघड्या कॅबिनेटवर घेतलेली चाचणी धरू नका.

पडदा आणि रंग

सोबत न्यायचा पातळ मॉनिटर घेण्याचा मोह होतो. घ्या, पण त्याच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं दिसलं तर ठेवून द्या. तो एसआरजीबीच्या, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगसंचाच्या, जेमतेम ६० टक्के रंग दाखवतो आणि झेंडूचा केशरी त्यावर आजारी दिसतो. १०० टक्के एसआरजीबी लिहिलेला हवा. दुसरं, हे मॉनिटर एका यूएसबी-सी वायरीवर चालतात असं सांगतात, ते लॅपटॉपवर. आपल्या कार्डाला बहुधा यूएसबी-सी नसतं. एचडीएमआयची वायर वेगळी आणि वीज वेगळी, असा संसार करावा लागतो.

घरचा मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या, ६५०० केल्विन. प्रेसवरच्या मॉनिटरवर मात्र रंग ठरवायचाच नाही. त्याचा ब्राइटनेस कुणीतरी २०१९ मध्ये शंभरवर नेला आहे आणि तो तिथंच आहे. मशीनवर एक फुटाची सॅम्पल पट्टी काढून घ्या आणि ती उजेडात नेऊन बघा.

नेता-आणताना

माझा डबा आमच्या वाण्याच्या काट्यावर सहा किलो दोनशे ग्रॅम भरला. वाण्यानं विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं गहू नाहीत. कीबोर्ड, माउस, पेन टॅब्लेट आणि वायरी मिळून आणखी दोन किलो होतात. देशातल्या विमानात हातातल्या बॅगेला साधारण सात किलोची मर्यादा असते, तेव्हा वायरी दुसऱ्या बॅगेत. मुंबईला रेल्वेनं जातो तेव्हा डबा पायाशी ठेवतो, वर रॅकवर नाही.

पातळ फोमचं अस्तर असलेली बॅग शिंप्याकडून शिवून घेतली आहे. जड कार्डवाल्यांनी लांबच्या प्रवासात कार्ड काढून वेगळं न्यावं. पावसाळ्यात एसी डब्यातून दमट फलाटावर उतरलात तर आत बारीक घाम धरतो. पोचल्यावर अर्धा तास बॅगेची चेन उघडी ठेवा, मग सुरू करा.

रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत अर्थिंग नसतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष पीसीचा नाही, प्लगचा आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज धातूच्या अंगावर येते आणि अर्थिंग नसलं तर ती आपल्यातून वाट काढते. घरी वायरमन बोलवा. गिऱ्हाइकाकडे असेल तर दुसरा प्लग शोधा.

आणि पॉवरची वायर. मॉनिटर विसरत नाही, माउस विसरत नाही, दर वेळी विसरते ती ही काळी जाड वायर, कारण ती घरी टेबलामागे लावलेलीच राहते. मी शेवटी चार विकत घेतल्या. एक घरी, एक बॅगेत, एक भाचीला दिली, आणि एक मकरपुऱ्याच्या प्रेसवर खिळ्याला टांगलेली आहे. तिच्यावर पांढऱ्या टेपनं माझं नाव लिहिलंय, कारण नवरात्रात तिथं सगळ्यांनाच वायर लागते.